दार बंद, पेशंट आत: साथीच्या काळात बाहेरच्या नातेवाईकानं काय करायचं

आपल्याकडे एक माणूस दवाखान्यात दाखल झालं की निम्मं घर तिकडे मुक्कामाला जातं. एक जण उशाशी, एक औषधाच्या दुकानात, एक डबा घेऊन रिक्षात, आणि संध्याकाळी शहाळं घेऊन ‘नुसतं बघून जातो’ म्हणणारे चार-पाच. साथ आली की हे सगळं एका दिवसात थांबतं. वॉर्डबॉय स्ट्रेचर आत ढकलतो, वॉचमन हात आडवा धरतो, “तुम्ही इथंच थांबा.” पुढे काय करायचं, कोणाला विचारायचं, हे मात्र तो सांगत नाही, बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं.

कोविडच्या दोन लाटांत मी एका रुग्णालयाच्या मदत कक्षात स्वयंसेवक म्हणून फोनवर बसत असे. खाली लिहिलंय ते तिथं रोज दिसणारं, आणि तेव्हाच्या सरकारी नियमांतलं. कोविडची जागतिक आणीबाणी मे २०२३ मध्ये उठली, पण स्वाइन फ्लू, निपाह किंवा उद्याचा एखादा नवा विषाणू आला की रुग्णालयांची दारं पुन्हा बंद होणार. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच येईल, त्यांच्यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. आत जाता येत नाही म्हणजे नातेवाईकाचं काम संपलं असं नाही, उलट ते वाढतं. उशाशी बसलेलं माणूस न बोलता किती गोष्टी करत असतं: सलाईन संपत आली की सिस्टरना हाक मारणं, चष्मा हातात देणं, ‘हिला पेनिसिलिन चालत नाही हो’ असं वेळेवर आठवून सांगणं. हे सगळं आता कागदावरून आणि फोनवरून करायचं असतं, आणि त्याची तयारी दाखल करण्याआधी करावी लागते.

दार का बंद करतात

हे कळलं की गेटवरचा निम्मा राग जातो. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मर्सची, म्हणजे कोविडच्याच कुळातल्या एका विषाणूच्या श्वसनरोगाची, साथ आली. १८६ जणांना लागण झाली, ३८ जण गेले. ती बाजारात किंवा आगगाडीत पसरली नाही. जवळजवळ सगळी रुग्णालयांच्या आत पसरली. लागण झालेल्यांत पेशंटची सेवा करणारे घरचे आणि भेटायला आलेले लोक खूप होते. तिथलीही रीत आपल्यासारखीच: पेशंटचं करायचं ते घरच्यांनी, एका खोलीत अनेक खाटा, आणि भेटणाऱ्यांची रीघ. केरळात २०१८ साली निपाह आला तेव्हाही बहुतेकांना लागण रुग्णालयांतच झाली. तेव्हा बंदी ही डॉक्टरांची मुजोरी नव्हे. भेटायला येणारा माणूस रोग आतही नेतो आणि बाहेरही आणतो.

पण बंदी घालायची आणि बाहेर थांबलेल्यांना बातमी द्यायची सोय करायची नाही, हे चूकच. जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी रुग्णालयात ८२ वर्षांच्या एक आजी ‘बेपत्ता’ झाल्या आणि आठ दिवसांनी त्यांचा मृतदेह तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. घरचं एक माणूस जवळ असतं तर आजी तासाभरात सापडल्या असत्या. त्याच महिन्यात, १९ जूनला, सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं की कोविड वॉर्डांत सीसीटीव्ही लावा, पेशंटची खबर प्रत्यक्ष आणि फोनवरही मिळेल असा मदत कक्ष चालवा, आणि पेशंटच्या एका नातेवाईकाला रुग्णालयाच्या आवारात नेमून दिलेल्या जागी थांबू द्या. गेटवर ‘इथं कोणी थांबायचं नाही’ असं ऐकू आलं तर हा आदेश आठवावा. तो कोविडपुरता होता हे खरं, पण मागणी करायला आधार म्हणून आजही चांगला आहे.

पायरी १: निघण्यापूर्वी एक माणूस ठरवा

रुग्णालयाशी बोलणारं माणूस एकच. त्याचा एक नंबर, आणि तो लागला नाही तर दुसऱ्याचा एक. बस.

हे लिहायला सोपं आहे आणि मराठी घरात पाळायला फार अवघड. सकाळी मुलगा फोन करतो, दुपारी जावई, संध्याकाळी न्यू जर्सीहून लेक, आणि रात्री सुनेचा मावसभाऊ, कारण तो डॉक्टर आहे (बऱ्याचदा दातांचा). प्रत्येकाला वेगळी सिस्टर भेटते, प्रत्येकाला थोडं वेगळं उत्तर मिळतं, आणि रात्री घरच्या ग्रुपवर ‘हॉस्पिटलवाले काहीतरी लपवताहेत’ असा निष्कर्ष निघतो. तिकडे वॉर्डातली सिस्टर चाळीस घरांचे फोन घेऊन कावलेली असते.

माणूस निवडताना थोरला कोण, जवळचा कोण हे बघू नका. रडवेला न होता ऐकून घेईल, ऐकलेलं लिहून ठेवेल आणि रात्री दोनलाही फोन उचलेल असं कोणी बघा. अनेक घरांत ते माणूस म्हणजे धाकटी सून किंवा भाची असते, आणि वडीलधाऱ्यांना ते पचत नाही. पचवावं.

साथीत एक वेगळीच अडचण येते, ती ध्यानात ठेवा. घरातले सगळेच एकदम आजारी पडू शकतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये आई एका रुग्णालयात, वडील दुसऱ्या, मुलगा विलगीकरण केंद्रात, अशी कितीतरी घरं होती. म्हणून दोन नंबरांपैकी एक तरी तुमच्या घराबाहेरचा असू दे: शेजारी, मित्र, ऑफिसातले कोणी.

परदेशातल्या मुलांसाठी रोज ठरलेल्या वेळी एकच निरोप लिहा आणि तो सगळ्यांना पाठवा. अमेरिकेतून रात्री जागून थेट आयसीयूत फोन लावणाऱ्या लेकाला प्रेमानं पण स्पष्ट सांगा, की तुझा प्रश्न मला पाठव, मी उद्या विचारते.

पायरी २: पिशवी

पेशंटबरोबर आत जाणारी पिशवी लहान असावी, आणि तिच्यातली प्रत्येक वस्तू हरवू शकते हे धरून चालावं. प्रत्येक वस्तूवर मार्करनं नाव आणि नंबर.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन. पहिल्या लाटेत बऱ्याच वॉर्डांत फोन आत नेऊ देत नसत. जुलै २०२० च्या अखेरीस केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र लिहून कळवलं की पेशंटला घरच्यांशी बोलता आलं की त्याच्या मनाला आधार मिळतो, तेव्हा वॉर्डात मोबाइल आणि टॅब्लेट वापरू द्यावेत. फोन नाकारला तर हा मुद्दा नम्रपणे मांडता येतो. फोनची तयारी अशी करा:

- लांब वायरचा चार्जर आणि जमल्यास पॉवर बँक. खाटेजवळचा प्लग बहुधा हाताला लागत नाही, किंवा त्यात मॉनिटर लावलेला असतो.
- स्क्रीन लॉक काढून टाका. सलाईन लावलेल्या हातानं पॅटर्न काढता येत नाही. आणि बेशुद्ध पेशंटचा फोन सिस्टरना उघडता आला नाही तर तो असून नसल्यासारखा. लॉक काढण्याआधी पैशांचं आणि बँकेचं ॲप मात्र त्या फोनमधून काढून टाका.
- तुमचा नंबर पहिल्या स्क्रीनवर, फोटोसकट. आजोबांना यादीत शोधायला लावू नका.
- सगळे ग्रुप म्यूट. सुविचार आणि व्हिडिओ येऊन बॅटरी उतरते.
- फोनच्या मागे चिकटपट्टीनं कागद लावा: पेशंटचं नाव, तुमचं नाव, तुमचा नंबर.

फोनखेरीज चष्मा, कवळी आणि तिची डबी, कानाचं यंत्र आणि त्याचे सेल. ही तीन नावं मी मुद्दाम लिहितोय. म्हातारं माणूस आयसीयूत ‘गोंधळल्यासारखं वागतंय, ओळखत नाही’ असा फोन येतो तेव्हा त्यामागे ताप, ऑक्सिजन, औषधं अशी कारणं असू शकतात. पण कधीकधी चष्मा आणि कानाचं यंत्र घरीच राहिलेलं असतं, आणि समोर दिसतात ती पांढऱ्या संरक्षक पोशाखातली (पीपीई किटमधली), चेहरा नसलेली माणसं. कोण भांबावणार नाही?

सोनं घरी ठेवा. अंगठी बोट सुजलं की निघत नाही, कापावी लागते. मंगळसूत्राचा प्रश्न नाजूक असतो. जुन्या बायका ते काढायला तयार होत नाहीत आणि अशा वेळी त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. दोऱ्यात ओवलेली काळ्या मण्यांची साधी पोत घालायला द्या, वाट्या काढून घरी ठेवा. एक्सरे किंवा सीटी स्कॅनला तीही काढायला सांगतील, तेव्हा तेवढं आधीच सांगून ठेवा.

आणि एक कागद, हा सर्वांत मोलाचा: चालू औषधं डोसासकट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, मधुमेह-रक्तदाब-थायरॉइड कधीपासून, जुनी ऑपरेशनं, नेहमीच्या डॉक्टरांचं नाव. दोन प्रती काढा. एक पिशवीत, एक दाखल करताना केसपेपर काढणाऱ्याच्या हातात. फाइलला लावली का, ते डोळ्यांनी बघा. जुने रिपोर्ट मूळ देऊ नका, झेरॉक्स द्या.

पायरी ३: दाखल करताना, दार बंद व्हायच्या आधी

स्ट्रेचर आत जाण्यापूर्वी तुमच्या हातात असलेला अर्धा तास पैसे भरण्याच्या खिडकीसमोर वाया जातो. म्हणून दोघं जा. एकानं खिडकीवर थांबावं, दुसऱ्यानं मदत कक्षातून पुढची माहिती घ्यावी आणि तिथंच लिहून काढावी: वॉर्डाचं नाव आणि मजला, खाटेचा क्रमांक, नोंदणी क्रमांक, कोणत्या डॉक्टरांच्या नावावर दाखल, वॉर्डाचा फोन, बातमी कोण देणार आणि किती वाजता, डबा आणि कपडे कुठे द्यायचे. भिंतीवर नियमांचा बोर्ड असेल तर त्याचा फोटो काढा.

फॉर्मवर तुमचा नंबर कोणी लिहिला तर तो वाचून घ्या. एक आकडा चुकला की तुम्ही घरी फोनकडे बघत बसता आणि सिस्टर ‘नातेवाईक फोन उचलत नाहीत’ असं फाइलवर लिहून मोकळ्या होतात.

संमतीच्या कागदांवर सह्या करताना एक प्रश्न विचारून ठेवा: रात्री व्हेंटिलेटर लावायची वेळ आली तर संमती कशी घेणार? बहुधा फोनवर घेतात आणि साक्षीदारासह नोंद करतात. तेव्हा तो निर्णय कोण घेणार हे घरात आधी बोलून ठेवा. जमलं तर पेशंटलाही विचारा. ‘असं अभद्र कशाला बोलायचं’ म्हणून सगळे गप्प बसतात, आणि मग पहाटे तीन वाजता कॉन्फरन्स कॉलवर चार भावंडं भांडतात.

पायरी ४: रोजचा फोन

बातमीची वेळ ठरलेली असेल तर त्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी वही-पेन घेऊन बसा. ड्यूटी बदलण्याच्या वेळेला, म्हणजे सकाळी आठच्या आणि रात्री आठच्या आसपास, शक्यतो फोन करू नका. एका पाळीचं माणूस निघालेलं असतं, दुसऱ्याच्या हातात अजून फाइल आलेली नसते.

पहिलं वाक्य: नाव, वॉर्ड, खाट क्रमांक. ‘माझे बाबा कसे आहेत?’ या प्रश्नाला वॉर्डातून एकच उत्तर येतं, ‘स्टेबल’. स्टेबल म्हणजे बरे असं नाही. कालच्याइतकेच, एवढाच त्याचा अर्थ. व्हेंटिलेटरवरचा पेशंटही स्टेबल असतो.

श्वासाच्या आजारात सगळ्यात जास्त गैरसमज ऑक्सिजनच्या आकड्याचा होतो. ‘ऑक्सिजन ९४ आहे’ (म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी ९४ टक्के) हे अर्धंच वाक्य झालं. कशावर ९४? साध्या हवेवर ९४ असेल तर माणूस बरा होत आलाय. पिशवी लावलेल्या मास्कवर, मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन देऊन ९४ असेल तर परिस्थिती गंभीर आहे. आकडा तोच, अर्थ उलटा. साधारण चढती पायरी अशी असते: नाकातल्या नळ्या (५-६ लिटरपर्यंत), साधा मास्क, पिशवीचा मास्क (१० ते १५ लिटर), मग हाय फ्लो यंत्र (६० लिटरपर्यंत), बायपॅप (घट्ट मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र), आणि शेवटी नळी घालून व्हेंटिलेटर. तेव्हा वहीत रोज दोन गोष्टी लिहा, यंत्र कोणतं आणि आकडा किती. चार दिवसांची नोंद समोर ठेवली की पेशंट कुठल्या दिशेला चाललाय हे तुमचं तुम्हालाच दिसतं.

बाकीचे प्रश्न थोडके ठेवा. ताप आहे का? जेवण जातंय का, तोंडानं की नळीनं? लघवी नीट होते का? नवं औषध सुरू केलं का? पालथं झोपवताय का, आणि ते जमतंय का? पुढच्या चोवीस तासांत तुम्ही काय बघणार आहात? हा शेवटचा प्रश्न फार उपयोगी पडतो. डॉक्टरांना ‘काळजीचं काही नाही ना?’ असं विचारलं की ते सावध होतात. ‘उद्यापर्यंत काय बघणार?’ म्हटलं की सरळ सांगतात.

फोन ठेवण्याआधी एक वाक्य, नरमाईनं: “सिस्टर, आज तुम्ही त्यांना स्वतः पाहिलंत ना?” फाइल वाचून सांगणं वेगळं आणि खाटेवर माणूस बघून सांगणं वेगळं.

पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवला तर तुम्हाला कळवतीलच असं धरू नका. हलवाहलवीतच फोन, चष्मा आणि कवळी मागे राहते. कुठल्या वॉर्डात, कुठली खाट, तिथला फोन कोणता, आणि पिशवी बरोबर गेली का, हे त्याच दिवशी विचारा. पेशंटचा फोन अचानक बंद लागला की आधी ‘चार्जिंग संपलं असेल’ असं वाटतं, आणि बहुधा तसंच असतं, पण वॉर्डात विचारून खात्री करा.

पायरी ५: पेशंटशी बोलताना

मास्क किंवा बायपॅप लावलेल्या माणसाला बोलायला लावू नका. तो तुमच्याशी बोलायला मास्क खाली ओढतो, ऑक्सिजन खाली येतो, आणि धाप लागली की तुम्ही दोघंही घाबरता. बोलायचं तुम्ही, त्यानं फक्त मान हलवायची किंवा अंगठा दाखवायचा. प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’चे असू द्या. सिस्टर टॅब्लेट धरून उभ्या असतील तर तीन-चार मिनिटांत आटपा, कारण त्यांच्या अंगावरच्या किटमध्ये घामानं काय अवस्था होते ते तुम्हाला दिसत नाही.

काय बोलावं हे सुचत नाही, म्हणून लोक विचारतात: जेवलास का, औषध घेतलंस का, घाबरू नकोस. त्यापेक्षा घरचं सांगा. गुलमोहराला कळ्या आल्यात, दूधवाला तुमची चौकशी करत होता, नातवानं बाराखडी पाठ केली. व्हिडिओत रडारड करणाऱ्याला त्या वेळी फोनसमोर आणू नका. बेशुद्ध पेशंटसाठी नातवंडांचा आवाज किंवा रोजचं स्तोत्र रेकॉर्ड करून पाठवा आणि सिस्टरना कानाशी लावायची विनंती करा. बऱ्याच लावतात.

डबा, औषधं, पैसे

डबा चालतो का हे आधी विचारा. चालत असेल तर परत न मागण्याच्या डब्यात द्या; स्टीलचा डबा परत मिळत नाही. झाकणावर नाव, वॉर्ड, खाट. मधुमेही माणसाला ‘ताकद यावी’ म्हणून शिरा पाठवू नका. साथीच्या आजारात दिलेल्या स्टिरॉइडनं साखर आधीच चढलेली असते.

बाहेरून औषध आणायला सांगितलं तर शिक्का आणि सहीची चिठ्ठी मागा. २०२१ मध्ये रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनसाठी लोक रात्र-रात्र रांगेत उभे राहिले, काळ्या बाजारात वाटेल ते पैसे मोजले. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं तर नोव्हेंबर २०२० मध्येच त्या औषधाची शिफारस करत नाही असं म्हटलं होतं. ‘हे आज मिळालं नाही तर काय होईल? याला पर्याय आहे का?’ हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावाधाव सुरू करू नका.

बिल रोजच्या रोज मागा. तुम्ही आत नसता, त्यामुळे किती किट वापरले, किती तपासण्या झाल्या हे बघायला कोणीच नसतं. मे २०२० मध्ये राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले होते: वॉर्डाला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पुढच्या साथीत आकडे बदलतील, पण असा आदेश निघालाय का हे पहिल्याच दिवशी शोधा. बिलाचा वाद शेवटच्या दिवशी काढला की तो सुटत नाही.

पायरी ६: आत जाण्याची परवानगी कधी आणि कशी मागायची

बंदी म्हणजे कोणालाच कधीच नाही, असं सहसा नसतं. लहान मूल, बाळंतीण, स्मृतिभ्रंश झालेलं किंवा दिव्यांग माणूस, आणि शेवटच्या घटका मोजणारा पेशंट, यांच्या बाबतीत अपवाद करतात. फक्त तो मागावा लागतो. बाळंतपणाबाबत तर जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडच्या काळातही सांगितलं होतं की बाईला हवं ते माणूस सोबत असू द्यावं, आणि आई पॉझिटिव्ह असली तरी मास्क लावून, हात धुऊन तिनं बाळाला अंगावर पाजावं; दोघांना उगाच वेगळं करू नये.

वॉचमनशी वाद घालून दार उघडत नाही, त्याला तो अधिकारच नसतो. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं, त्यांना भेटा. ते तुमचा अर्ज योग्य टेबलावर नेऊन ठेवू शकतात. खासगी रुग्णालयात मदत कक्षातून थेट वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज द्या. अर्ज एवढाच पुरे:

“मा. वैद्यकीय अधीक्षक यांस, माझे वडील (वय ७९) वॉर्ड क्र. … , खाट क्र. … येथे दाखल आहेत. त्यांना स्मृतिभ्रंश असून अनोळखी माणसाच्या हातून ते जेवत नाहीत व मास्क काढून टाकतात. दिवसातून एकदा, एक तास, मला त्यांच्याजवळ थांबण्याची परवानगी मिळावी. मी रुग्णालयाचे सर्व नियम पाळीन, किटचा खर्च देईन व नंतर सांगाल तितके दिवस विलगीकरणात राहीन. सोबत जुन्या डॉक्टरांचे पत्र जोडले आहे.”

कारण नेमकं लिहा. ‘आम्हाला बघायचंय’ या वाक्यावर परवानगी मिळत नाही. ‘ते जेवत नाहीत’ यावर मिळते. प्रतीवर पोच घ्या.

परवानगी मिळाली तर जाण्यापूर्वी थोडं खा, लघवीला जाऊन या, घड्याळ-दागिने काढा. किट चढवून देणारं माणूस असतं, त्याचं ऐका. मास्क दाढीवर नीट बसत नाही, तेव्हा दाढी काढावी लागेल. आत फोन नेऊच नका. चेहऱ्याला हात लावायचा नाही, खाट-टेबल-रेलिंग उगाच धरायचं नाही. खरा धोका किट काढताना असतो: माणूस दमलेलं असतं, डोळे भरलेले असतात आणि पहिला हात मास्कला जातो. मास्क सगळ्यात शेवटी, बाहेर आल्यावर, कानामागच्या नाड्या धरून काढायचा. आणि तुम्हाला बारीक ताप असेल, घसा खवखवत असेल तर अर्ज मंजूर झालेला असला तरी जाऊ नका.

काही बिनसलं तर

आधी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, मग निवासी वैद्यकीय अधिकारी, मग वैद्यकीय अधीक्षक किंवा अधिष्ठाता. तिथंही झालं नाही तर शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी, जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारण कक्षाची तरतूद आली, तिचा हवाला द्या. तक्रार लेखी करा, तारीख-वेळेसह. ‘बघून घेतो’ ही भाषा नको. साथरोग कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उगारल्यास तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. गंभीर इजा झाली तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. आणि वॉर्डातल्या मावशी-मामांशी चार शब्द बरे बोललात तर जी बातमी डॉक्टर देत नाहीत ती त्यांच्याकडून मिळते, हेही खरं.

बघायला मिळत नाही म्हणून पेशंटला सही करून घरी नेण्याचा विचार खूप जणांच्या मनात येतो. पेशंटला ऑक्सिजन लागत असेल तर नेऊ नका. दुसऱ्या रुग्णालयात खाट पक्की झाली असेल आणि ऑक्सिजनची ॲम्ब्युलन्स दाराशी उभी असेल, तेव्हाच तो विषय काढा.

मृत्यू झाला तर

केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांत स्पष्ट होतं: कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेहऱ्याकडची चेन उघडून घरच्यांना शेवटचं दर्शन घडवावं, स्पर्श न करता होणारे विधी, मंत्र, पाणी शिंपडणं चालेल, आंघोळ घालणं, मिठी मारणं, चुंबन घेणं नाही. अस्थी गोळा करायला हरकत नाही, त्यांतून रोग पसरत नाही. चेहरा बघण्याचा आग्रह धरा, नम्रपणे पण न चुकता. जुलै २०२० मध्ये ठाण्यात एका कुटुंबाच्या हाती दुसऱ्याच माणसाचा मृतदेह दिला गेला होता, आणि त्यांनी अंत्यसंस्कारही उरकले होते. बिल थकलंय म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही; रुग्णहक्कांच्या सनदेत हे आहे.

पॉझिटिव्ह रिपोर्ट, मृत्यूचं कारण लिहिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रुग्णालयाची कागदपत्रं त्याच आठवड्यात ताब्यात घ्या. कोविडमृत्यूंसाठीची ५० हजार रुपयांची मदत सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्य केली, आणि तेव्हा ज्यांच्याकडे हे कागद नव्हते त्यांना फार हेलपाटे पडले. लेखी मागणी केल्यावर उपचारांच्या नोंदींची प्रत ७२ तासांत मिळायला हवी, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. पेशंट बरा होऊन घरी आला असेल तरी ही प्रत मागून ठेवा.

घरी आणताना

डिस्चार्ज सकाळी सांगतात आणि संध्याकाळी होतो, तेव्हा गाडी लवकर बोलावू नका. एकच माणूस जा. डिस्चार्ज कार्डावर नाव, वय, दाखल झाल्याची तारीख आणि आजाराचं नाव तपासा, विम्याचं निम्मं भांडण स्पेलिंगवरून होतं. औषधं कधी बंद करायची, घरी ऑक्सिजन लागेल का, किती दिवस वेगळं झोपायचं आणि कुठली लक्षणं दिसली की परत आणायचं, हे लिहून घ्या. पिशवी तिथंच उघडून चष्मा, कवळी, फोन आणि चार्जर मोजा.

आणि घरी पोचल्यावर दोन आठवडे तरी ‘नुसतं बघून जातो’ म्हणणाऱ्यांना फोनवरच भेटा. आत्याबाई रागावतील. नंतर घरी जाऊन समजूत काढता येते.